मारत नाही, पीत नाही, मग अजून काय पाहिजे?

आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात लेक माहेरी येऊन मन मोकळं करू लागली की दोन प्रश्न ठरलेले. मारतो का? पितो का? दोन्हीला ती नाही म्हणाली की विषय मिटला. "मंग तुले अजून काय पायजे?"

या तिसऱ्या प्रश्नावर बासू भट्टाचार्यांनी १९७१ साली अख्खा सिनेमा काढला, 'अनुभव'. कृष्णधवल आहे. पुढे 'आविष्कार' आणि 'गृहप्रवेश'ही त्यांनी नवरा-बायकोवरच केले. त्यांच्याच 'तीसरी कसम'चं नाव निघालं की लोक भरभरून बोलतात, या तीन सिनेमांबद्दल कुणी बोलत नाही. 'मेरी जान मुझे जान ना कहो' सगळ्यांना पाठ, पण ते गाणं 'अनुभव'मधलं आहे हे फार थोड्यांना ठाऊक.

अमर (संजीवकुमार) वर्तमानपत्राचा संपादक. सज्जन, कमावता, कामात बुडालेला. मीता (तनुजा) मुंबईच्या फ्लॅटमध्ये, नोकरांच्या गराड्यात. एक दिवस ती म्हाताऱ्या हरीला (ए. के. हंगल) तेवढं ठेवून बाकीच्यांना काढून टाकते. राबून थकलेल्या बाईला हे खुळ वाटेल. मला मात्र ते पटलं. नवऱ्याला चहा द्यायला तरी त्याच्यासमोर जाता यावं, एवढीच तिची धडपड आहे.

आपल्या भरीत पार्ट्या आठवा. शेतात वांगी भाजत पुरुष एकीकडे, केळीच्या भावावर बोलत. बायका दुसरीकडे पुऱ्या तळत. जोडीनं आलेले जोडीनंच परततात, दिवसभरात एकमेकांशी एक वाक्य न बोलता. याला आपण सुखाचा संसार म्हणतो.

मग मीताचा जुना प्रियकर (दिनेश ठाकूर) अमरच्याच ऑफिसात नोकरीला येतो. दुसऱ्या कुणी त्याला खलनायक केला असता. इथं तो साधा माणूस आहे, आणि म्हणूनच अमरला सगळा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. संजीवकुमारचा तिथला दुखावलेला चेहरा बघाच.

एक तक्रार आहे. घर सावरायची सगळी खटपट मीताच करते, अमरला फक्त समजून घ्यायचं असतं. तरीही हा सिनेमा मी प्रत्येक लग्न ठरलेल्या पोराला बघायला सांगते. पोरींना नाही, पोरांना. पोरींना यातलं बरंचसं न सांगता माहीत असतं.