आप्पांनी पेपर बंद केला, म्हणून हे उत्तर

गेल्या महिनाअखेरीस आप्पांनी पेपर टाकणाऱ्या पोराला दारातच थांबवलं. म्हणाले, "एक तारखेपासून टाकू नको बाळा. आता गरज नाही." मी आत भाकरी थापत होते, ऐकण्यात चूक झाली असंच मला वाटलं. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात पेपर आला नाही अशी सकाळ मला आठवत नाही. आप्पांचे माग चालू होते तेव्हा त्या खटखटीत त्यांना मोठ्यानं बातम्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. मला जोडाक्षरं आली ती त्या पेपरामुळे, आणि आज मी शाळेत मराठी शिकवते तीही त्यामुळेच. कारण विचारलं तर त्यांनी फोन पुढे केला. "वाच की हे. बरोबरच लिहिलंय."

तो मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. वर ठळक अक्षरांत "पेपर बंद करा, जागे व्हा" आणि खाली पाच मुद्दे. पेपरातली बातमी शिळी असते. पत्रकार सगळे विकले गेलेत. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, म्हणजे प्रत्येक जण पत्रकार. व्हिडिओ खोटं बोलत नाही, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि ठरवा. पाचवा खास आपल्यासाठी: सीमाभागातल्या मराठी माणसाची खरी बातमी पेपरवाले दाबतात, ती फक्त ग्रुपवर मिळते. शेवटी, खरे मराठी असाल तर वीस जणांना पाठवा.

भावकीच्या ग्रुपवर हा आला, आप्पांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होते. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अंगठे उठायला लागले तेव्हा माझा धीर सुटला. मुलांना वाचायला शिकवणारी माणसं आपण!

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्यापायी माणसं मेली आहेत.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि सुसाट निघून जातात. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तो व्हिडिओ बघून मी त्याला आठवडाभर अंगणाबाहेर सोडलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते. तो व्हिडिओ होता कराचीचा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं आईबापांना सावध करायला तो मुद्दाम बनवला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे लगेच मागे वळतात, मुलाला होतं तिथं सोडतात आणि फलक उघडून दाखवतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेल्या तुकड्याला आपापल्या गावाचं नाव जोडून लोक पुढे पाठवत राहिले.

त्या मे महिन्यात बेंगळुरूच्या चामराजपेटेत, राजस्थानातून पोट भरायला आलेल्या एका तरुणाला जमावानं मुलं पळवणारा समजून ठार मारलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी लोकांनी मारून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरणारी ही माणसं. माझी आजी त्यांना सुपात जोंधळे घालायची.

आणि १३ जुलैला बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत. बिदर काही आपल्याला परका मुलूख नाही, मराठी-कन्नड मिसळलेला तोही सीमाभागच. हैदराबादकडून गाडीनं आलेल्या चौघांपैकी एकानं वाटेत शाळकरी पोरांना चॉकलेटं दिली. लोक जमले, बाचाबाची झाली, हे घाबरून गाडीत बसून निघाले. त्यांचा व्हिडिओ गाडीच्या आधी पुढच्या गावाच्या ग्रुपवर पोहोचला आणि मुरकीत रस्ता अडवला गेला. चौघांतला एक तरुण इंजिनिअर तिथंच मेला. त्या व्हिडिओतली गाडी खरी होती, माणसंही खरी होती. ही पोरं पळवणारी टोळी आहे, हे तेवढं खोटं होतं, आणि ते चित्रात नव्हतं, सोबत लिहिलेल्या शब्दांत होतं.

आप्पा, हे मला तुम्हाला समोर बसवून सांगायचं आहे. चित्र कुठलं, कधीचं, त्याआधी काय घडलं आणि नंतर काय, हे चित्र स्वतः सांगत नाही. ते सांगायला माणूस लागतो. तो माणूस कोण आणि आपण त्याला जाब विचारू शकतो का, एवढंच बघायचं असतं.

लांबचं कशाला? ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी सीमावादातून महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, हे घडलेलं आहे. पलीकडे महाराष्ट्रातही पडसाद उमटले, एसटी थांबल्या. पण त्याच आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर "बेळगावात मराठी प्रवाशांची बस पेटवली" म्हणून जो व्हिडिओ आला, त्यात मागच्या दुकानाची पाटी ना मराठी होती ना कन्नड. गोल गोल अक्षरं, वरून छत्री धरल्यासारखी. मला ती ओडिया वाटली. ग्रुपमधल्या सत्तरेक माणसांपैकी एकानंही पाटी वाचायचा प्रयत्न केला नाही. माझी मावसबहीण कोल्हापूरहून बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. सासरच्यांनी तो व्हिडिओ बघून तिला पाठवलंच नाही. मावशीनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते, ते पुढे महिन्याभरानं कुणाच्या तरी हाती धाडले. आता तर यंत्रानं हवा तो चेहरा, हवा तो आवाज तयार होतो, आणि आपण अजून "डोळ्यांनी बघा आणि ठरवा" म्हणतोय.

हे सगळं अडाणी माणसांमुळे होतं असं कुणी म्हणेल, तर एका अभ्यासाचं सांगते. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीचे सोरूश वोसूघी, डेब रॉय आणि सिनान अरल यांचा शोधनिबंध आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर खऱ्या आणि खोट्या बातम्या कशा पसरल्या, हे त्यांनी मोजलं. एकाकडून दुसऱ्याकडे जात बनलेल्या १ लाख २६ हजार साखळ्या, पसरवणारी माणसं सुमारे ३० लाख. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. त्यांनी यंत्रानं चालणारी खाती वेगळी काढून पाहिली, तरी चित्र तेच राहिलं. खोट्याला पाय फुटतात ते आपल्यामुळे, कारण खोटी बातमी नवी कोरी आणि धक्कादायक असते, आणि ती आधी आपल्याकडे आली हे दाखवायला आपले हात शिवशिवतात. अभ्यास ट्विटरचा आहे, व्हॉट्सॲपचा नाही. व्हॉट्सॲपवर काय फिरतं ते बाहेरच्याला मोजताच येत नाही, म्हणून मला तर तिथली काळजी जास्त वाटते. खुद्द त्या कंपनीनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. आप्पांच्या फोनवरच्या त्या "जागे व्हा"वर दोन बाण आहेत. म्हणजे तो निदान पाच हातांतून फिरून आलाय.

आता पाचवा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, त्याच्या सदतीस वर्षं आधी. सीमावाद सोडवायला नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं आणि महाराष्ट्रानं ते फेटाळलं, हे आकडे मला आप्पांनी तोंडपाठ करून घेतले होते. आप्पा सातवी शिकलेले. त्यांना हे आकडे कुणी दिले? कुठल्या ग्रुपनं? येळ्ळूर, कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांत कोण काय बोललं, हे दुसऱ्या दिवशी सविस्तर कुठे वाचायला मिळतं?

आणि ग्रुपनं काय दिलं, तेही सांगते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मध्यंतरी एका सकाळी मेसेज आला, "निकाल लागला! बेळगाव महाराष्ट्रात!" आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठ्या खाल्लेले. ते काठी टेकत बाजारात गेले, दोन किलो कुंदा आणला आणि घरोघर स्वतः वाटला. आमच्या दारात उभं राहून रडले. दुपारपर्यंत खोटं असल्याचं कळलं. संध्याकाळी ते कट्ट्यावर आले नाहीत, पुढे कितीतरी दिवस आले नाहीत. ज्यानं तो मेसेज लिहिला त्याला हे कधीच कळणार नाही. मराठी माणसाचा कळवळा असलेला माणूस असं लिहीलच कसा?

"प्रत्येक जण पत्रकार" हे ऐकायला छान वाटतं. कॅमेरा हातात असणं आणि बातमी आणणं यांत अंतर आहे, आणि आपल्या भागात ते इतर कुठल्याही भागापेक्षा मोठं आहे. इथे सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. राजपत्र, तहसीलदारांची नोटीस, पालिकेचा ठराव, सगळं कन्नड. आप्पांच्या पिढीतल्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. हलगा-मच्छे बायपासचं प्रकरण आपल्या शिवारापर्यंत आलं, सुपीक जमिनी जायची वेळ आली, शेतकरी न्यायालयात गेले, तेव्हा कुठला टप्पा कुठपर्यंत आलाय हे आम्हाला मराठीत कळत होतं ते कशामुळे? कन्नड वाचू शकणारा एखादा मराठी वार्ताहर कचेरीत तासन्‌तास बसतो, कारकुनाला चार वेळा विचारतो, वकिलाकडून अर्थ समजून घेतो आणि रात्री आपल्या भाषेत ते उतरवून काढतो. हे काम दिसत नाही, त्याचा व्हिडिओ होत नाही. त्याला पगार किती मिळतो ते विचारू नका. त्याचं पोट भरणारे आपणच आहोत आणि आपणच पेपर बंद करायला निघालोय.

शिवाय पेपरात चूक झाली तर पकडायला कुणीतरी असतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. १८६७ च्या कायद्याखाली ते छापणं बंधनकारक होतं. नव्या कायद्यानं २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा घेतली, पण जबाबदार माणसाचं नाव काही सुटलेलं नाही. पत्र लिहिता येतं, पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, कोर्टात खेचता येतं.

विकले गेल्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. पहिलं पान उघडावं तर पूर्ण जाहिरात, आत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पानामागून पान. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापली गेली. प्रेस कौन्सिलनं चौकशीला दोघांची उपसमिती नेमली, आणि तिचा पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये कुठे बाहेर आला. लाजिरवाणंच आहे ते. पण ती लबाडी उघडी पाडली कुणी? पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’ या पेपरातून, वेगवेगळ्या पेपरांत शब्दन्‌शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी कसा आलाय ते शेजारी शेजारी ठेवून. काही पेपर विकले जातात म्हणून सगळेच टाकायचे असतील, तर भेसळ निघाली म्हणून दूधच सोडावं लागेल.

बातमी शिळी असते, हो, असते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कुठला रस्ता पाण्याखाली आहे हे फोनवरच कळलं आणि ते उपयोगी पडलं. त्यासाठी फोन वापरा. रात्रभरात कुणीतरी खरं-खोटं तपासलं असेल, तर सकाळपर्यंत थांबायला माझी हरकत नाही.

राहता राहिलं ते वीस जणांना पाठवायचं. मी उलट्या दिशेनं गेले. भजनी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, हा मेसेज कुणी लिहिला? टाकणारे काका म्हणाले, निपाणीच्या साडूंनी पाठवला. साडूंना फोन लावला. ते चांगले माणूस, म्हणाले, "मला वाटलं, चांगलं आहे, पाठवलं. मी काय लिहिणारा आहे होय?" त्यांना तो गडहिंग्लजच्या एका दुकानदारानं दिलेला. दुकानदाराला एका लग्नाच्या ग्रुपवरून मिळालेला. ते लग्न झालं दोन वर्षांपूर्वी, आणि त्या ग्रुपवर ज्या नंबरानं तो टाकला, त्याला नाव नाही, फोटो नाही. मी तीन दिवस फोन केला. नंबर बंद आहे.

हे सगळं मी आप्पांना काल रात्री जेवताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ताटावरून उठले, मागच्या खोलीतल्या रद्दीतून एक जुना अंक काढला, चष्मा लावला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवून ती बारीक ओळ वाचत बसले.