‘डॉक्टर’ टाइप करून पाहा, मग पैसे द्या

मागच्या महिन्यात नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात टॅबचं कीबोर्डवालं कव्हर बघताना, काउंटरवर उभ्या उभ्या, मी टाइप केलं: ‘मृत ट्रक ड्रायव्हर. डॉक्टर. टायर फुटला.’ पलीकडच्या पोरानं मान वाकडी करून स्क्रीन वाचली आणि हळूच विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना जी?"

सगळं ठीक आहे रे बाबा. माझं कामच ते आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांची कागदं मी मराठीची इंग्रजी आणि इंग्रजीची मराठी करते. पंचनामे, जबाब, दवाखान्याचे कार्ड, वारसांची प्रतिज्ञापत्रं. अर्धा दिवस सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आवारात जातो आणि तिथं टेबल मिळालं तर नशीब. बाकावर बसायचं, नाही तर पायरीवर. लॅपटॉप वाहून वाहून उजवा खांदा धरला, म्हणून दोन वर्षांपूर्वी अकरा इंची टॅब घेतला. टॅब निवडायला एक संध्याकाळ लागली. त्याचं कीबोर्डवालं कव्हर निवडायला दोन वर्षं. तीन घेतली, त्यातली दोन वाया गेली. म्हणून आज हे सगळं एकदाचं लिहून टाकते. टॅब घ्यायला निघालेल्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, तू पोस्टच लिही ना, मला क्लास आहे."

कव्हर घ्यायला जाल तर कोणीही तुम्हाला वजन सांगेल, बॅटरी सांगेल, टचपॅड आहे की नाही ते सांगेल. दुकानदार दिवे लावून दाखवेल. "सात कलर आहेत ताई, हे पाहा, बदलून राहिले." इंटरनेटवर पाहाल तर लोक मिनिटाला किती शब्द होतात ते मोजतात. सगळे इंग्रजी टाइप करणारे. मराठी टाइप करणाऱ्या माणसाचं दुखणं यांच्यातल्या कोणालाच माहीत नाही, कारण ते कीबोर्डच्या मध्यभागी नाहीच. ते उजव्या कडेला आहे.

समजावून सांगते. घरच्या कॉम्प्युटरच्या साध्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. आकड्यांच्या ओळीत तेरा बटणं आणि दोन बटणांएवढं बॅकस्पेस, म्हणजे पंधरा बटणांची जागा. पंधरा गुणिले एकोणीस, झाले २८५ मिलिमीटर. माझा टॅब आडवा धरला तर साडेपंचवीस सेंटीमीटर भरतो. म्हणजे तीन सेंटीमीटर कुठून तरी कापावेच लागतात. कव्हर बनवणारा काय करतो? अक्षरांची बटणं जरा जवळ आणतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही की उजव्या कडेवर कात्री चालवतो. चौकटी कंसाची दोन आणि अवतरणचिन्हाचं एक, अशी तीन बटणं अर्धी होतात. बरोबरचं चिन्ह एफएन (Fn) बटणाखाली जातं, म्हणजे ते धरून दुसरं बटण दाबायचं. तिरपी रेघ कुठं तरी स्पेसबारच्या शेजारी फेकली जाते. इंग्रजी लिहिणाऱ्याचं काही अडत नाही. चौकटी कंस त्याला वर्षातून किती वेळा लागतो?

आता इनस्क्रिप्ट पाहा. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ही मांडणी ठरवली, भारतीय लिप्यांसाठी एकच रचना, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. फार शहाणी मांडणी आहे, मी तिच्या प्रेमात आहे. पण आपल्याकडं व्यंजनं ढीगभर, म्हणून उजवा हात पार कडेपर्यंत पसरतो. ड कुठं आहे? उघडत्या चौकटी कंसावर. ट? एन्टरला लागून असलेल्या अवतरणचिन्हाच्या बटणावर. ठ आणि ढ त्याच दोन बटणांवर, शिफ्ट दाबून. ऋकाराची मात्रा बरोबरच्या चिन्हावर. आणि ‘ऑ’ची मात्रा तिरप्या रेघेवर.

म्हणजे ज्या बटणांवर कात्री चालली, नेमकी तीच.

‘डॉक्टर’ या एका शब्दात त्यातली तीन येतात. ड, मग ॉ, मग ट. माझ्या कामाचे बाकीचे शब्द घ्या: ट्रक, ड्रायव्हर, गाडी, ठाणे, ठिकाण, फिर्यादीचा पाठीमागे बसलेला मोठा भाऊ, मृत, मृत्यू, मृतदेह. जणू अपघाताच्या सगळ्या शब्दांनी कीबोर्डच्या त्या एका कोपऱ्यात येऊन घर केलं आहे.

माझं पहिलं कव्हर १८०० रुपयांचं, ऑनलाइन मागवलेलं. फोटोत देखणं होतं. त्यात ट आणि एन्टर यांच्यामध्ये नखाएवढी फट होती आणि ट एन्टरच्या निम्मा. ट मारायला जावं आणि ओळ तुटावी. पंचनाम्याचा खर्डा वाचायला घेतला तर एका ओळीच्या शेवटी ‘समोरून भरधाव वेगाने आलेला’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नुसतं ‘रक’, त्याच्या आधी, अक्षराविना मात्रा पडली की उमटतो त्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेलं पाय मोडल्याचं चिन्ह. ड साठी करंगळी आकसून घ्यावी लागायची. आणि ‘ऑ’च्या मात्रेसाठी एफएन धरून दुसरंच बटण. एक ‘डॉक्टर’ लिहायला मला एका पानाएवढी चिडचिड व्हायची, आणि डिस्चार्ज कार्डात डॉक्टर काही एकदाच येत नाहीत. चार महिने मी स्वतःलाच दोष दिला. वय झालं, बोटं जड झाली वगैरे. महालातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी मशीनवर तीसची परीक्षा काढलेली बाई मी, आणि मला ट सापडेना!

(जुन्या टाइपरायटरची मांडणी वापरणाऱ्या रेमिंग्टनवाल्यांनी हसू नये. तुमच्या मांडणीला तर कीबोर्डचा कोपरा न् कोपरा लागतो. आणि जे रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवतात त्यांना यातलं काहीच भोगावं लागत नाही, त्यांनी खुशाल दिवे पाहून कव्हर घ्यावं.)

त्या कव्हरचा दुसरा गुण ब्लूटूथचा. बॅटरी वाचवायला तो कीबोर्ड दोन-तीन मिनिटांत झोपायचा. मी मूळ कागद वाचत बसते, मग टाइप करते, मग परत वाचते. दर वेळी पहिलं बटण त्याला उठवण्यात जायचं. इंग्रजीत पहिलं अक्षर गेलं तर शब्द ओळखू तरी येतो. आपल्याकडं ‘मृत’मधला म गेला की ठिपक्यांच्या गोलाखाली लोंबकळणारी मात्रा आणि एक त उरतो. कोर्टात असं पान देऊन पाहा. ज्या टॅबना पाठीवर किंवा कडेला सोन्याच्या ठिपक्यांसारखे संपर्कबिंदू असतात, त्यांच्या जोडीचा कीबोर्ड टॅबमधूनच वीज घेतो. चार्जिंग नाही, जोडणी नाही, झोप नाही. पण तो तेवढ्याच मॉडेलचा. टॅब बदलला की कीबोर्ड अडगळीत. माझ्या टॅबला ते ठिपके नाहीत, त्यामुळं मला निवड नव्हती. भाच्या, तुला आहे. टॅब घ्यायच्या आधी उलटा करून बघ.

दुसरं कव्हर घेतलं ते दुकानात जाऊन, हातानं चाचपून. बटणं चांगली होती. ट पूर्ण, ड पूर्ण. खूश होऊन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मेट्रोत उघडलं. मी सुभाष नगरला चढते, सीताबर्डीला गाडी बदलते आणि कस्तुरचंद पार्कला उतरते. बसायला मिळालं तर तेवढ्या वेळात अर्धं पान होतं. हे कव्हर मागून घडी घालून त्रिकोण करायचं होतं, चुंबकावर टेकणारं. दुकानाच्या काचेवर ते देवळाच्या कळसासारखं उभं होतं. मांडीवर मात्र गाडीनं ब्रेक मारला की त्रिकोण बसला, टॅब पालथा. शेजारच्या काकूंनी दोनदा उचलून दिला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ठेवून द्या ना बाई पिशवीत, काहून जीव खाता त्याचा?"

यात चूक माझीच. लॅपटॉपचं वजन खाली, बटणांच्या भागात असतं, म्हणून तो मांडीवर बसतो. टॅबचं सगळं वजन पडद्यात. पडदा मागं झुकवला की तो मागं कलंडायला बघतो. तो धरून ठेवायचा तर एक तर मागं पाय पाहिजे, आणि त्या पायाला मांडीवर वीतभर जास्तीची जागा लागते, नाही तर खालचा भाग मुद्दाम जड करावा लागतो. अ‍ॅपलनं २०२० साली आयपॅड प्रोसाठी तरंगता दिसणारा मॅजिक कीबोर्ड काढला, तेव्हा लोकांनी तराजूवर ठेवून पाहिलं. अकरा इंची टॅबपेक्षा त्याचा कीबोर्डच जड निघाला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मांडीवर टाइप करायचं असेल तर ते वजन उचलावंच लागतं. हलकं आणि मांडीवर पक्कं, असं दोन्ही कोणी सांगत असेल तर त्याला आधी दुकानातल्या स्टुलावर बसवा आणि मांडीवर उघडून दाखवायला लावा. मी आता तसंच करते. लोक पाहतात, पाहू द्या.

आपल्या गावचं म्हणून एक सांगायचंच आहे. हे चामड्यासारखं दिसतं ते बहुतेक चामडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणानं आणि उष्णतेनं तो थर आतून तुटत जातो आणि मग पापुद्रे निघतात. तुम्ही म्हणाल, नागपूरची हवा तर कोरडी. बाहेरची कोरडी. घरात एप्रिल ते जून आपण काय लावतो? कूलर. माझं टेबल कूलरच्या अगदी समोर. दोन उन्हाळ्यांत कव्हरच्या कडा सोलल्या, काळी टरफलं पंचनाम्याच्या कागदांत, माझ्या ओढणीवर, एकदा डब्यातल्या पोळीवर. आणि मे महिन्यात यातलं काहीही गाडीत ठेवून जाऊ नका. आयपॅड नुसता ठेवायचा असला तरी ४५ अंशांपर्यंतच चालतो असं त्याची कंपनीच सांगते, आणि ब्लूटूथच्या कीबोर्डमध्येही तीच लिथियमची बॅटरी असते. आपल्याकडं ४५ हे सावलीतलं तापमान. बंद गाडीतलं विचारूच नका.

टचपॅडबद्दल थोडक्यात. लहान कव्हरवर ते अंगठ्याखाली येतं आणि टाइप करता करता कर्सर वरच्या परिच्छेदात उडी मारतो. मृताचं वय एकदा गाडीच्या नंबरात जाऊन बसलं होतं. ते बंद करायचं बटण असेल तरच घ्या.

अँड्रॉइडवाल्यांनो, आणखी एक. टॅबच्या स्क्रीनवर मराठी कीबोर्ड चालतो म्हणून बाहेरून जोडलेला कीबोर्डही मराठी लिहील असं समजू नका. माझ्या टॅबवर मराठी निवडलेली असूनही बटणं इंग्रजीच उमटवत होती. मला वाटलं कीबोर्ड बिघडला, परत करायला निघाले होते. शेवटी किमॅन नावाचं मोफत अ‍ॅप टाकलं, त्यात इनस्क्रिप्ट घेतलं, तेव्हा काम झालं. दुकानात जाताना हे आधीच टॅबवर टाकून घेऊन जा. नाही तर काउंटरवर तुम्ही ‘हॅलो’ लिहाल, पोरगा म्हणेल "मस्त चालून राहिलं ना ताई", आणि घरी आल्यावर ड शोधत बसाल. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली मिळतील ही आशा सोडा. स्टिकर मिळतात. माझे सहा महिन्यांत घामानं गोळा झाले. इनस्क्रिप्ट बोटांत बसवा, महिना लागतो.

तर तिसरं कव्हर, ज्याच्यासाठी मी त्या दिवशी काउंटरवर मृत ट्रक ड्रायव्हर लिहीत होते. दिवे नाहीत. रंग असा की बघावंसं वाटत नाही, शाळेच्या बाकासारखा करडा. टॅबला दोन्ही बाजूंनी पकडणारी बिजागरी, खालचा भाग जड, सगळं मिळून किलोच्या वर जातं, म्हणजे खांद्याचं दुखणं काही पूर्ण गेलं नाही. पण यात ज्यानं कात्री चालवली त्यानं डावीकडून चालवली. टॅब आणि कॅप्सलॉक ही बटणं बारीक केली. ट, ड, ऋकार पुरे. तिरपी रेघ तेवढी अरुंद आहे, पण तिच्या जागेवर आहे, एफएनखाली नाही. पंधरा दिवसांत करंगळीला कळलं. ब्लूटूथ झोपतोच, पण दहा मिनिटांनी, आणि कागद वाचताना अधूनमधून शिफ्ट दाबायची सवय लागली आहे, ढेकणासारखं जागं ठेवते त्याला.

ते पहिलं १८०० वालं कव्हर घरी पडून होतं. आमच्या इथल्या एका वकीलसाहेबांनी पाहिलं, त्यांचा टॅबही तेवढाच. म्हणाले, हे तर छान आहे, हलकं आहे, तुम्ही काहून वापरत नाही? मी म्हटलं, घेऊन जा. दोन महिने झाले, रोज त्याच्यावर अर्ज टाइप करतात, एकदाही तक्रार नाही. सगळे अर्ज इंग्रजीत असतात त्यांचे. मराठी मजकूर आला की माझ्याकडं पाठवून देतात.