थेंबे थेंबे ट्रेलर साचे

टीअरड्रॉप ट्रेलर म्हणजे काय हे मी गेल्या सात महिन्यांत इतक्या जणांना समजावून सांगितलंय की हल्ली मला बघितलं की नातेवाईक फोन कानाला लावतात. तरी एकदा सांगतोच. गाडीच्या मागे जोडून ओढायची दोन चाकांची बुटकी खोली, बाजूने बघितली तर पाण्याच्या थेंबासारखी, आत फक्त गादी, आणि शेपटाकडचं झाकण डिक्कीसारखं वर उचललं की तिथे किचन. आत उभं राहता येत नाही. कपडे बदलायचे ते आडवं पडून, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तडफडत. हे खूळ अमेरिकेतलं, 1930 च्या दशकातलं, त्या काळी हौशी मासिकांत याचे नकाशे छापून यायचे आणि लोक घरच्या घरी बनवायचे. हे वाचून मला वाटलं, इंटरनेट नसताना लोकांनी बनवले, मग आपल्याला काय धाड भरलीय.

बनवलेला नाही अजून. प्लॅनिंग चालू आहे.

पहिलं चित्र काढलं ते उलटं निघालं. म्हणजे टोक पुढे, बाणासारखं. मग कळलं की गोल गरगरीत डोकं पुढे असतं आणि निमुळती शेपूट मागे, कारण पुढून हवा कापण्यापेक्षा मागे ती नीट जुळवून सोडणं जास्त अवघड असतं. पंधरा दिवसांचं काम कागद फिरवून सरळ केलं, फक्त किचन आता नाकात आलं होतं.

बाकी मापाचा प्रश्न नव्हता. जुन्या टीअरड्रॉपचं 4 बाय 8 फूट हे माप कुठल्या ऋषीने सांगितलेलं नाही, प्लायवुडची शीट त्या मापात येते म्हणून ते. पण आपली गाडी छोटी, म्हणून ट्रेलर हलका हवा, आणि इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. नेहमीच्या पद्धतीने बनवलेले ट्रेलर 400-500 किलोला सहज जातात. मी एक्सेलमध्ये सगळ्यात वर लाल अक्षरात 250 लिहिलं आणि खाली एकेक वस्तू मांडत गेलो, चेसिस, अ‍ॅक्सल, चाकं, दारं, बिजागऱ्या, आणि एका रात्री तर स्क्रूसुद्धा, मूठभर स्क्रू किचनच्या काट्यावर ठेवून एकाचं सरासरी वजन काढलं. बायको पाणी प्यायला उठली होती, तिने काट्यावरचे स्क्रू बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच परत गेली.

प्लायची 18 मिलिमीटरची एक शीट 30 किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाचा इंचभर जाडीचा इन्सुलेशनचा फोम दोन-अडीच किलो. हे आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर माणूस प्लायच्या प्रेमात राहूच शकत नाही. काही लोक अख्खा ट्रेलर फोमचा करतात आणि वरून कापड चिकटवून रंग देतात. मी मात्र शहाणा, मला फायबरग्लास हवं होतं, म्हणून फोमच्या एका तुकड्यावर स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबरग्लास घट्ट करणारं पातळ रसायन, ओतलं. फोमने ते आधी शांतपणे पिऊन घेतलं. मग मधोमध एक खळगा पडला, खळग्याच्या कडा आत ओढल्या गेल्या, आणि बघता बघता हातात चार बोटं रुंद भोक आणि त्याभोवती ओशाळलेला फोम उरला. पॉलिस्टायरीन, म्हणजे माझा फोम, त्या रेझिनमध्ये विरघळतं, एपॉक्सी नावाच्या दुसऱ्या रेझिनमध्ये नाही, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं की मी वाचलं नव्हतं यावर मी बोलणार नाही. घरात दोन दिवस असा वास होता की मुलगी म्हणाली, बाबा, ट्रेलर झाला की आपण लगेच जाऊया.

मग गपचूप कापडाकडे वळलो. प्रयोगाला जुनी चादर घेतली आणि वॉटरप्रूफ गोंदाने ती तुकड्यावर चिकटवली. वाळल्यावर ती एवढी कडक झाली की मी त्यावर उभा राहिलो आणि ती मोडली नाही, पण चादर जुनी नव्हती असं नंतर कळलं.

जागेचा अंदाज यावा म्हणून हॉलच्या फरशीवर मास्किंग टेपने 4 बाय 8 चा चौकोन आखला, दारासाठी एका बाजूला टेप सोडला, आणि रात्री आम्ही दोघं त्यात गादी टाकून झोपलो. रुंदी 122 सेंटिमीटर, त्यातून भिंतींची जाडी गेली. लांबीतले मागचे दोन फूट किचनचे, त्यामुळे पाय किचनच्या कपाटाखाली जाणार, म्हणून पायांवर स्टूल ठेवलं. पहिली दहा मिनिटं मजा आली. नंतर मी कुशीवर वळलो आणि माझं कोपर टेपच्या बाहेर गेलं.

"तुझा हात भिंतीतून बाहेर आलाय," बायको म्हणाली.

शेवटी करार झाला, वळायचं तर दोघांनी एकदम, आधी सांगून. मग तिने अंधारात एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली. पाऊस आला तर स्वयंपाक कुठे? मागचं झाकण उघडून, त्याच्या खाली उभं राहून. म्हणजे आपण कोरड्यात झोपायला जायचं आणि ओल्यात उभं राहून रांधायचं? हो. आणि दारंखिडक्या बंद केल्या की? मी प्रामाणिकपणे सांगितलं की एवढ्याशा जागेत दोघांच्या श्वासाची वाफ थंड भिंतींवर जमते आणि पाणी टिपकतं, म्हणून छताला व्हेंट हवाच. "म्हणजे आतही पाऊस," ती म्हणाली, आणि वळली. न सांगता.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले तोलाने. ट्रेलरचं नाक गाडीच्या हिचवर, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, जेवढा भार टाकतं तो एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा, म्हणजे माझ्या 250 ला 25 ते 37 किलो. कमी पडला तर वेगात ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग गाडी ट्रेलरला ओढतेय की ट्रेलर गाडीला हा प्रश्न पडतो. म्हणून चाकं मध्यावर न ठेवता मागे सरकवतात, साधारण पुढून 60 टक्क्यांवर. मी खोडरबरावर पट्टी ठेवून नाण्यांनी हे घरच्यांना दाखवलं. हे नाणं बॅटरी, पुढे. हे किचन, मागे. आणि हे पाणी, 20 लिटर म्हणजे 20 किलो, मागे. पट्टी मागे कलंडली. बॅटरी अजून पुढे सरकवली, पट्टी सावरली. मुलीने विचारलं, पाणी पिऊन संपलं की? पाण्याचं नाणं उचललं, पट्टी नाकावर आपटली. त्या दिवसापासून एक्सेलला दोन शीट आहेत, 'जाताना' आणि 'येताना'.

गेल्या आठवड्यात हिच कुठली बसेल ते बघायला म्हणून गाडीचं मॅन्युअल काढलं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं, गाडी घेतल्यापासून, प्लास्टिकच्या पिशवीसकट. काखेत कळसा म्हणतात तो असा. दोन ओळींचा परिच्छेद होता. हे वाहन ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेलं नाही, कृपया ओढू नये. पहिल्यांदा वाटलं 250 किलोचा ओढू नये असं असेल, म्हणून परत वाचलं. वजनाचा उल्लेखच नव्हता. माझे स्क्रू, माझी चादर, 'जाताना', 'येताना', कशाकशाची त्यांनी चौकशी केलेली नव्हती.

घरात कुणाला सांगितलं नाही. टेप अजून फरशीवर आहे, कडा उचकटल्यात पण चौकोन शाबूत आहे, आणि गंमत म्हणजे हॉलमधून जाताना कोणी त्यावरून सरळ चालत जात नाही, वळसा घालतात नाहीतर दारातून आत येऊन दारातून बाहेर जातात. मुलीने दाराशी चपलांची जागा केलीय. मी त्या रात्री लॅपटॉप बंद करून तिथेच आडवा झालो. थोड्या वेळाने बायको आली, दारातून, वाकून. मॅन्युअल माझ्या छातीवर होतं, ते तिने उचललं, दुमडलेलं पान वाचलं आणि टेपच्या बाहेर ठेवून दिलं. बराच वेळ काही बोलली नाही.

"वळतेय," म्हणाली.

मी पण वळलो.