मोबाईल हातात दिला की टास्क झाला?

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप. म्हणणं थोडक्यात असं: टास्क-बेस्ड भाषाशिक्षण (म्हणजे एखादं काम पार पाडता पाडता भाषा शिकणं) ही ॲपवाल्यांनी आणलेली नवीन पद्धत आहे, ॲपमधली एकेक लेव्हल म्हणजे एकेक टास्क, व्याकरण सोडा, मास्तर सोडा, एआयशी गप्पा मारा, ३ महिन्यांत फ्लुएंट व्हाल, पुस्तकं रद्दीत घाला. मी कोथरूडला दर शनिवारी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अमराठी मंडळींना बोलायची मराठी शिकवते, टास्क देऊनच शिकवते आणि फोनही वापरते, तेव्हा 'मॅडम जुन्या वळणाच्या दिसतायत' हे म्हणायचं आधीच राहू द्या.

नवीन पद्धत म्हणे. अहो, भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी बंगळूरला हा प्रयोग केला १९७९ ते १९८४ मध्ये, साध्या शाळांमध्ये, इंग्रजीसाठी, खडू-फळ्यावर. रेल्वेचं टाइमटेबल द्यायचं आणि विचारायचं, अमुक वाजता पोचायचंय तर कुठली गाडी धराल? त्यांनी टास्कचे तीन प्रकार सांगितले: एकाकडे माहिती आहे ती दुसऱ्याकडे पोचवायची, दिलेल्या माहितीवरून तर्क लावायचा, किंवा स्वतःचं मत मांडायचं. आणि गंमत अशी की ग्रुपवर्कवर त्यांचा भर नव्हताच, आज टास्क म्हटलं की आपण आधी खुर्च्या गोल करतो.

लेव्हल म्हणजे टास्क, हेही नाही. 'मला / द्या / वांगी / अर्धा किलो' असे शब्द ओळीत लावले की ॲप टाळ्या वाजवतं, पण तो झाला स्वाध्याय. २०० रुपये घेऊन मंडईत जा आणि चौघांच्या भरीत-भाकरीचं सामान घेऊन या, हा टास्क, कारण शेवटी हातात वांगी आली का नाही हे बघायचं असतं, वाक्य बरोबर आलं का हे नंतर.

आता मास्तर नको हा मुद्दा. यात मी स्वतःच आपटलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. शनिवारवाड्यापासून तुळशीबागेपर्यंतचा रस्ता एकाने दुसऱ्याला मराठीत सांगायचा, असा टास्क दिला, आणि हौसेने म्हटलं फोनवरचा मॅप वापरा. दोघांनीही मॅप उघडला, निळी रेघ बघितली, 'हो गया मॅडम'. मराठीचा एक शब्द नाही! दोघांनाही सगळं दिसतंय तर बोलायचं कशाला? पुढच्या शनिवारी एकाचाच फोन चालू ठेवला, दुसऱ्याला कागदावर नुसत्या रेघा दिल्या, तरी हातवारे करून 'इधर से उधर' झालंच. तिसऱ्या वेळी एकाला बाहेर जिन्यात पाठवलं आणि व्हॉट्सॲप कॉल लावायला सांगितला. आता हात दाखवून उपयोग नाही, हिंदीला बंदी, मग आपोआप 'उजवीकडे वळा', 'कुठल्या उजवीकडे?', 'चौकाच्या आधी का नंतर?' सुरू झालं. फोन तोच, फक्त कोणाला काय दिसणार नाही हे ठरवावं लागलं, आणि ते ठरवायला कोणीतरी लागतं ना.

व्याकरण सोडा, यात अर्धं खरं आहे, म्हणजे प्रभू स्वतः व्याकरण समजावून शिकवायच्या विरोधातच होते. पण पुढे जेन विलिस या भाषाशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९६ मध्ये टास्क पद्धतीची जी मांडणी केली त्यात टास्क झाल्यावर भाषेकडे बघायला वेगळा वेळ ठेवलाय. मी तेच करते. त्या कॉलमध्ये सांगितलेला रस्ता व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड करायला लावते आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकून हाताने लिहायला लावते. एकाने जिलब्या मारुतीची खूण सांगताना 'देऊळसमोर' म्हटलं होतं, लिहिताना पेन थांबलं, 'मॅडम, हे देवळासमोर ना?' सामान्यरूपावर अर्धा तास बोलून जे झालं नव्हतं ते तिथे झालं. हे व्हॉइस टायपिंगने करू नका हं, ते बऱ्याचदा आपल्या अंदाजाने दुरुस्त करून छापतं आणि चूक गायब.

एआयशी गप्पा मारायला माझी हरकत नाही, लाजाळू माणसाला रात्री अकरा वाजता सराव करायला बरं आहे. पण बॉट फार समजूतदार असतो, तुम्ही काहीही बोला, तो अर्थ लावून घेतो आणि वर कौतुक करतो. मंडईतली मावशी 'काय?' म्हणते. त्या 'काय?'नंतर माणूस तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने जुळवतो, आणि दुसरी भाषा कशी येते याचे अभ्यासक मायकल लाँग यांचा सगळा भर याच अडखळण्या-सावरण्यावर होता. आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे, समोरचा जरा अडखळला की मावशी लगेच हिंदीत बोलायला लागते. त्यावर कुठलंच ॲप नाही. म्हणून माझ्या बॅचला पहिल्या दिवशी पाठ करायला लावलेलं वाक्य आहे, 'मावशी, मराठीतच सांगा, मी शिकतोय.' बहुतेक वेळा चालतं, कधीकधी वर चार मिरच्या फुकट मिळतात.

३ महिन्यांत फ्लुएंट, यावर काय बोलणार.

आणि पुस्तकं रद्दीत घाला हे जरा पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवा, मी लांबून बघते.