‘खलाशाला कोण पकडणार?’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

एक संदेश सध्या भलताच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्यापारी जहाजावरचा खलाशी सैनिक नसतो, म्हणून युद्धातही शत्रूला त्याला कैद करता येत नाही. जहाज धरलं तरी माणसं बंदरात उतरवून सोडावीच लागतात, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने तेच केलं. शेवटी पुस्ती, की भारतीय खलाशी या फेऱ्यात कधी सापडलेच नाहीत.

पहिलं विधान अर्धं खरं आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग करारांपैकी अकराव्यात खलाशांना सवलत आहे, पण अटीवर. लढाई चालू आहे तोवर युद्धाशी संबंधित कुठलंही काम करणार नाही, असं लेखी वचन दिलं तरच शत्रुदेशाच्या खलाशाची कैद टळते. जहाजच लढाईत उतरलं तर तीही सवलत गेली. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या चौथ्या कलमात तर व्यापारी जहाजाचा कप्तान, पायलट (जहाजाला वाट दाखवणारा), उमेदवार, सगळेच युद्धकैद्यांत मोजले आहेत. दुसऱ्या कायद्याने याहून बरी वागणूक मिळत असेल तर ती मिळावी, एवढी मोकळीक ठेवून.

युद्धकैदी म्हटलं जाणं ही शिक्षा असते, असं संदेशवाल्यांनी धरून चाललेलं दिसतं. ब्रिटिश व्यापारी जहाजाचा कप्तान चार्ल्स फ्रायट याची गोष्ट उलट सांगते. मार्च १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने थांबायला सांगितलं, तेव्हा त्याने आपलं ‘ब्रसेल्स’ जहाज सरळ तिच्या अंगावर घातलं आणि पाणबुडीला बुडी मारावी लागली. ब्रिटिश नौदल खात्याने खूश होऊन त्याला घड्याळ दिलं, त्यावर पराक्रमाचा मजकूर कोरून. जून १९१६ मध्ये जहाज पकडलं गेलं आणि तेच घड्याळ पुराव्यात लागलं. आरोप काय, तर सैनिक नसताना लढलास. २७ जुलैला ब्रूजमध्ये खटला झाला आणि त्याच संध्याकाळी त्याला गोळ्या घातल्या. सैनिक असता तर छावणीत गेला असता. नागरिकपणा त्याच्या जिवावर बेतला.

आता ‘एम्डेन’. सप्टेंबर १९१४ मध्ये बंगालच्या उपसागरात तिने पकडलेली माणसं ‘कबिंगा’ जहाजावर बसवून जाऊ दिली, हे खरंच. पण छापेमार जहाजाला (व्यापारी जहाजं गाठून धरणाऱ्या वा बुडवणाऱ्या) जागा कमी, शिधा मोजका असला तरी सोडलेला प्रत्येक माणूस बंदरात पोचताच त्याचा ठावठिकाणा सांगणार. म्हणून पुढच्यांनी कैदी पोटात ठेवूनच फिरणं पसंत केलं. मुंबईबाहेर सुरुंग पेरणारं जर्मन जहाज ‘वोल्फ’ फेब्रुवारी १९१८ मध्ये कीलला परतलं तेव्हा त्यावर चारशेहून जास्त कैदी होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’ने बुडवलेल्या जहाजांवरचे २९९ खलाशी तिला रसद पुरवणाऱ्या ‘आल्टमार्क’ जहाजाच्या तळात कोंडले होते. १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री ब्रिटिश विनाशिकेने नॉर्वेच्या खाडीत शिरून त्यांना बाहेर काढलं. जर्मनीला सोडायचंच होतं, तर तिथवर नेले कशाला?

भारतीय कुणी नव्हतेच, हे वाचून मात्र चीड आली. ब्रिटिश जहाजांवर कोळसा ओढणारे, डेक घासणारे हजारो हात आपले होते, गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका तुकड्यावर. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले आणि १,२१७ कैद झाले, असा आकडा दिला जातो. मार्च १९४४ मध्ये जपानी क्रूझर ‘टोने’ने हिंदी महासागरात ‘बिहार’ जहाज बुडवलं. त्यावरही भारतीय खलाशी होते. वाचलेल्यांना आधी वर घेतलं आणि काही दिवसांनी त्यातल्या साठाहून अधिक जणांना मारून टाकलं. कुणी नागरिक आहे का, हे विचारलं गेलं नाही. हुकूम देणारा अॅडमिरल साकोंजू १९४८ मध्ये हाँगकाँगला फासावर गेला.

जर्मनांच्या हाती लागलेले बहुतेक व्यापारी खलाशी ब्रेमेनजवळच्या वेस्टरटिम्के गावी ‘मिलाग नॉर्ड’ छावणीत होते. भारतीयांचं आवार वेगळं होतं. ‘मिलाग’ हे लघुरूप ज्या जर्मन नावाचं, त्यातच ‘नजरबंद’ हा शब्द आहे, म्हणजे कागदोपत्री तेही सैनिक नव्हतेच. ब्रिटिश फौजेने ते फाटक उघडलं एप्रिल १९४५ च्या अखेरीस. १९४० मध्ये पकडलेल्यांची तोवर जवळजवळ पाच वर्षं भरत आली होती.