ठशांच्या अपॉइंटमेंटबाबतच्या एक ताऱ्याच्या अभिप्रायास कार्यालयाचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या पत्नीच्या ग्रीन कार्डच्या अर्जासाठी द्यायच्या बोटांच्या ठशांची तारीख बदलून घेताना आपणा उभयतांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आमच्या कार्यालयाने वेळेवर काही केले नाही, रात्रभर आपल्याला टांगणीला लावले, डॅलसच्या लग्नाला जाण्याचे कारण चालणार नाही असे सांगितले आणि फुकट होणाऱ्या कामाचे ७५ डॉलर उकळले, असे आपण लिहिले आहे. न्यू जर्सीतील एडिसन परिसरातील अनेक मराठी कुटुंबे असे अभिप्राय वाचूनच आमच्याकडे येतात, त्यामुळे वेळेच्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

अपॉइंटमेंट सोमवारी सकाळी ९ वाजता होती आणि आपला पहिला संदेश आला रविवारी रात्री १० नंतर, तोही डॅलसहून. त्याआधीच्या आठवड्यात मुलाखतीच्या फायलीसाठी जोडखात्याची बँक स्टेटमेंट द्यायला आपण स्वतः येऊन गेलात, तेव्हा अपॉइंटमेंटची नोटीस पोस्टाने आपल्या हाती आलेली होती आणि लग्नाला जाण्याची तिकिटेही काढलेली होती, परंतु तारखेचा विषय आपण काढला नाही. २०२३ पासून यूएससीआयएसच्या, म्हणजे ग्रीन कार्डचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, ऑनलाइन अकाउंटमधून ही तारीख बदलता येते, अर्ज कागदावर पाठवलेला असला तरीही. मात्र अपॉइंटमेंटला १२ तासांपेक्षा कमी वेळ उरला की ती सोय बंद होते, आणि आपला संदेश आला तेव्हा ११ तासही उरले नव्हते. दुसरा मार्ग त्यांच्या संपर्क केंद्राला फोन करण्याचा, पण तेथे प्रत्यक्ष माणूस बोलायला मिळतो तो सोमवार ते शुक्रवार, न्यू जर्सीच्या वेळेनुसार सकाळी ८ पासून. रात्री मी आपला फोन उचलला असता, तरी सकाळी आठपर्यंत मी नेमके काय करू शकलो असतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आठ वाजताच मी फोन लावला. आम्ही वकील नाही, अर्ज भरून देणारे आहोत, त्यामुळे अर्जदार स्वतः लाइनवर असल्याशिवाय तेथे प्रकरणाविषयी बोलता येत नाही. आपल्या पत्नीऐवजी आपण बोललात तर का चालणार नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. डॅलसमध्ये तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि लग्नघरातली मंडळी उशिरा झोपली असणार, हे मी समजू शकतो, पण वारंवार फोन करून आपल्या पत्नीला उठवावे लागले, हे आपल्या अभिप्रायात नाही. विनंती ९ च्या आत नोंदली गेली. ती नोंदली गेली नसती, तर गैरहजेरीमुळे अर्ज सोडून दिल्याचे मानून तो फेटाळला जाण्याची भीती होती. नोटिशीवर तसा इशारा छापलेला असतो.

लग्नाचे कारण चालणार नाही, असे आम्ही कधीही म्हटले नाही. ते योग्य कारण धरले जाते. आमंत्रणपत्रिका आणि तिकिटे हाताशी ठेवा, एवढेच आम्ही सांगितले होते. सरकार तारीख बदलण्याचे पैसे घेत नाही, हे खरे आहे आणि आमच्या पावतीवरही ते लिहिलेले आहे. ७५ डॉलर आमच्या श्रमाचे आहेत. कार्यालय उघडण्यापूर्वी केलेल्या कामाचे आम्ही अधिक काही लावले नाही. नवी तारीख किती दिवसांनी द्यायची, हे मात्र सर्वस्वी यूएससीआयएस ठरवते.

सुटीच्या दिवशी येणाऱ्या संदेशांसाठी काही व्यवस्था करण्याचा आमचा विचार आहे, आणि नोटीस मिळताच आम्हाला कळवावे, ही सूचनाही यापुढे अधिक ठळकपणे देऊ. नव्या तारखेला आपल्या पत्नीने नवी नोटीस आणि पासपोर्ट सोबत न्यावा, ही विनंती. आपला अभिप्राय आपण काढून टाकावा, असे मी म्हणणार नाही, परंतु पहिला संदेश रविवारी रात्री दहानंतर पाठवला होता, एवढे एक वाक्य त्यात जोडावे.

आपला विश्वासू,
कार्यालयाचा मालक