किल्ली कुणाकडे?

रविवारी शेवटचा प्रयोग संपला. प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत आम्ही सगळे जुने कपडे चढवून पुन्हा रंगमंचावर हजर होतो. बोस्टनजवळच्या आमच्या हौशी संस्थेत सेट उतरवल्याशिवाय कुणी घरी जात नाही. नायिकाही नाही आणि दारात तिकिटं बघणारेही नाहीत. माझ्या वाट्याला स्क्रू आले होते. लांबीप्रमाणे तीन डबे आणि वाकलेल्यांचा चौथा. शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ खिळे उपटून फळ्या रचत होते. "ही गेल्या वर्षी स्वयंपाकघरात होती, त्याआधी तुरुंगात," म्हणत त्यांनी एक फळी माझ्यापुढे धरली. तिच्या कडेला रंगाचे थर मोजता येत होते.

त्याच रात्री पुण्याच्या मैत्रिणीचा निरोप आला. बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की ठेवायचं, हा वाद पुन्हा निघालाय, तुला काय वाटतं?

मला वाटतं, ती वास्तू पाडू नये, नीट दुरुस्त करावी. १९६८ साली उघडलेल्या त्या रंगमंदिरात मी घडले, हे तर आहेच. पण गेली काही वर्षं चाललेला हा वाद मी इथून वाचते तेव्हा एक गोष्ट फार खटकते. एका बाजूला पाडून मोठं संकुल बांधायचंय, दुसऱ्या बाजूला आठवणींना हात लावू द्यायचा नाही. खुर्च्या किती, पार्किंग किती, स्वच्छतागृहं कशी, यावर दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं. नाटक बसवायचं कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही.

बोस्टनच्या जमैका प्लेन भागात फूटलाइट क्लब नावाची हौशी संस्था आहे. ती १८७७ पासून दरवर्षी नाटक करत आली आहे. अमेरिकेतली सलग चालू असलेली सर्वांत जुनी हौशी नाट्यसंस्था म्हणून तिला ओळखतात. तिचे प्रयोग एलियट हॉलमध्ये होत. तो पाडला जाणार असं १८८९ मध्ये कळलं, तेव्हा सभासदांनी मिळून तो विकत घेतला. संस्था आजही तिथेच आहे. ज्यांना नाटक करायचं होतं, किल्ली त्यांच्याच हातात आली. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं त्या एका गोष्टीवर उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे.

वास्तू गेली तरी संस्था टिकते, हेही अमेरिकेतच दिसलं. क्लीव्हलंडमध्ये रसेल आणि रोवेना जेलिफ या जोडप्याने १९१५ मध्ये एका वस्तीत काळ्या-गोऱ्या शेजाऱ्यांना एकत्र आणणारं केंद्र सुरू केलं. पुढे त्याचं नाव कारामू हाउस झालं. कृष्णवर्णीय कवी-नाटककार लँग्स्टन ह्यूज यांची काही नाटकं तिथल्या मंडळींनी पहिल्यांदा रंगमंचावर आणली. १९३९ मध्ये त्यांचं थिएटर जळालं आणि नवीन उभं राहायला दहा वर्षं लागली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा मला कारामूच आठवलं. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू पुन्हा उभी राहायलाच हवी. पण मधल्या काळात कोल्हापूरच्या हौशी मंडळींनी तालमी कुठे करायच्या, याची काळजीही तितकीच करायला हवी.

इथलं सगळं छान, असं मी अजिबात म्हणणार नाही. आमची संस्था तिकिटं आणि देणग्यांवर चालते. भोवती खाऊनपिऊन सुखी माणसं राहतात म्हणून वर्षाला चार नाटकं आणि उन्हाळ्यात मुलांचं शिबिर परवडतं. गरीब वस्तीत हे गणित पहिल्याच वर्षी कोसळतं. अमेरिकी सरकारने नाट्यव्यवसायातल्या बेकारांना काम देणारी फेडरल थिएटर प्रोजेक्ट ही योजना १९३५ मध्ये काढली होती. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९३९ मध्ये ती बंद पाडली. चंद्रपूर, नांदेड, रत्नागिरीच्या हौशी संघांना सरकारी खर्चाने रंगमंच देणारी आपली राज्य नाट्य स्पर्धा मी इथल्या लोकांना समजावून सांगते, तेव्हा ते थक्क होतात. तिच्याबद्दल कितीही तक्रारी असोत, ती जपलीच पाहिजे. (प्रयोगाआधी संहिता राज्याच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडून मंजूर करून घेण्याची अट मात्र जावी. इथे कुणी संहिता मागत नाही आणि त्याने काही बिघडलेलं नाही.)

मग आपल्याकडे नडतं कुठे? तालमीच्या जागेत. कॉलेजात असताना आम्ही पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची एकांकिका जिन्याखाली बसवली. नऊ वाजले की वॉचमन दिवे मालवायचा आणि शेवटचा प्रवेश आम्ही फाटकाबाहेर, रस्त्यावरच्या दिव्याखाली करायचो. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने जी चळवळ उभी केली, तिच्यावर आपण भरभरून लिहितो. पण ती जागा सुटली आणि आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत जावं लागलं, यातून काही शिकलो नाही. समांतर रंगभूमीचं एवढं मोठं पर्व एका शाळेच्या मर्जीवर चाललं होतं.

आमच्या संस्थेत आठ जणांकडे किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे. मंगळवारी रात्री दोन पानांचा संवाद जमत नसेल, तर मी आणि माझा सहकलाकार जातो, दिवे लावतो, अकरापर्यंत घासतो आणि कुलूप लावून निघतो. परवानगी नाही, भाडं नाही, अर्ज नाही.

मैत्रिणीला मी हेच लिहिलं. बालगंधर्व वाचवण्याच्या निवेदनावर सही करतेच आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी घाला. प्रत्येक प्रभागातल्या महापालिका शाळेचा एक हॉल संध्याकाळी सहा ते दहा तिथल्या नाट्यमंडळांना तालमीसाठी द्या. एक कपाट द्या, चार दिवे द्या आणि किल्ली मंडळांच्या समितीकडे राहू द्या. तिने विचारलं, सेटच्या फळ्या कुठे ठेवायच्या? कपाट मोठं मागा, म्हटलं.